उत्तमशेठचा बेल-भंडारा

खेळ सुरू व्हायला तासभर असला की उत्तमशेठ चपला काढून रिंगमध्ये चढायचे आणि धाडकन पाठीवर पडायचे. साठीला टेकलेला माणूस, अंगावर धोतर नि बंडी, पोट चांगलंच सुटलेलं. पण पडायचे ते हनुवटी छातीला लावून, दोन्ही तळवे आपटून, एखाद्या तरण्या पैलवानासारखे. उठून थोडं सरकायचे आणि पुन्हा पडायचे. चारी कोपरे आणि मधली जागा अशी आपल्या पाठीनं तपासून घ्यायचे. एखादी फळी टोचली की पडल्या पडल्याच ओरडायचे, "हितली गादी सरकली, बगा रे." शेवटी मधोमध हातपाय पसरून आभाळाकडं बघत थोडा वेळ पडून राहायचे. यात्रेला आलेली पोरं दोरांना लोंबकळून हसायची, पण शेठना त्याचं काही वाटायचं नाही. "जिथं मपली पाठ दुखती," ते म्हणायचे, "तिथं मपलं लेकरू पडायचं न्हाई."

त्या लेकरांपैकी मी एक. बरीच वर्षं त्यांच्या रिंगमध्ये पडलो, आणि माझी पाठ आजही शाबूत आहे ती त्या माणसामुळं, हे मला मान्य केलंच पाहिजे. शेठना जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही, चांगलंही बोलणार नाही. जसे होते तसे सांगतो. त्यात जे यायचं ते येईल. फक्त एक आधीच सांगून टाकतो, माझा राग गेलेला नाही, आणि तो गेल्यासारखं दाखवायचं मला जमणार नाही.

शेठचा मूळ धंदा मंडपाचा. माजलगावात त्यांचं गोदाम होतं. लग्नं, सप्ते, सभा, सगळीकडं त्यांचेच खांब आणि त्यांचेच भोंगे. कुस्तीची कंपनी निघाली ती एका पुढाऱ्याच्या कृपेनं. सभेचं स्टेज तयार, लोक उन्हात बसलेले, आणि पुढाऱ्याच्या गाडीचा पत्ता नाही. लोक उठायला लागले तसं शेठनी आपल्या मंडपाच्या दोन गड्यांना स्टेजवर चढवलं आणि सांगितलं, टीव्हीवर दाखवतात तशी मारामारी करा, पण एकमेकाला लागू देऊ नका. गड्यांनी अशी धमाल उडवली की उठलेले लोक परत बसले. पुढारी आले तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी त्यांना सांगितलं म्हणे, साहेब जरा दम धरा, कुस्ती संपू द्या. शेठ ही गोष्ट सांगताना दरवेळी पुढाऱ्याचा उशीर थोडा वाढवायचे.

त्यातून 'बालाघाट फायटिंग कंपनी' उभी राहिली. मंडपाच्या पाइपांची रिंग, खाली ट्रकचे जुने टायर, वर स्टेजच्या फळ्या, काथ्याच्या गाद्या आणि ताणून बांधलेली ताडपत्री. बाजूला हलगी आणि माइकवर स्वतः शेठ. हंगाम ठरलेला. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखाने बंद झाल्यावर गावी परततात आणि गावोगावच्या यात्रा भरतात, त्या दिवसांत आमचा ट्रक तलवाड्यापासून धर्मापुरीपर्यंत फिरायचा. "सा म्हयने ज्याची मान मोळीखाली वाकलेली असती," शेठ म्हणायचे, "त्याला एकदा तरी दुसरं कुनी आडवं झालेलं बगायचं असतं." कुस्ती ठरवलेली असायची. कोण पडणार, कसा पडणार, सगळं आधी ठरायचं. लोकांनाही ते ठाऊक असायचं, आणि तरी ते घसा बसेपर्यंत ओरडायचे. मातीतल्या कुस्तीत अशा ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात, आणि तो शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा.

आमचं घर दिंद्रुडचं. वडील, म्हणजे अप्पा, तिथल्या तालमीचे वस्ताद. उभ्या आयुष्यात त्यांनी एक कुस्ती ठरवून केली नाही. तरुणपणी एका मोठ्या फडात त्यांना कुणीतरी सांगितलं, बरोबरीत सोडवा, दोघांचाही मान राहील. अप्पा लंगोटावर तसेच फडातून बाहेर पडले, कपडे खांद्यावर टाकले आणि गावाकडं चालू लागले. तेव्हापासून पंचक्रोशीत कुस्त्या असल्या की पंच म्हणून अप्पाच. कुणाची पाठ खरंच टेकली, कुणी टेकवून घेतली, ते त्यांना बसल्या जागेवरून कळायचं, आणि त्यांनी हात वर केला की त्यावर कुणी वाद घालत नसे. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. लहानपणापासून लाल मातीत वाढलो, दोन्ही कान मोडून घेतले, आणि नाव व्हायच्या ऐन वेळेला गुडघा गेला. डॉक्टरांनी कुस्ती बंद सांगितली. मग मी शेठच्या मंडपावर कामाला लागलो, कारण ट्रक चालवता यायचा.

शेठशी खरी गाठ पडली ती तलवाड्याच्या एका लग्नात. वाऱ्यानं मंडपाचा मोठा खांब कलला आणि खाली वऱ्हाड बसलेलं. मी धावलो, खांब खांद्यावर घेतला आणि पोरं दोर बांधेपर्यंत तसाच उभा राहिलो. शेठ पंगतीतून उष्ट्या हातानं उठून आले. खांबाकडं बघितलंच नाही, माझ्या कानांकडं बघत राहिले. "कान मोडल्याले हायत," ते म्हणाले, "आन् तू मला डायवर म्हनून सांगतूस बे?" त्यानंतर महिनाभर ते माझ्या मागे लागले होते. मी नाही म्हणत राहिलो. अप्पांचं नाव सांगितलं, नुरा कुस्ती आमच्या घरात चालत नाही म्हणून सांगितलं. शेठ ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

शेवटी त्यांनी मुखवट्याची युक्ती काढली. त्यांच्या बायकोनं, गोदाकाकूंनी, काळ्या मखमलीचा एक मुखवटा शिवला. पाठीमागं नाडी, कानांवर कापसाच्या दोन घड्या, म्हणजे मोडलेले कान कुणाला दिसू नयेत. नाव ठेवलं काळा विंचू. मी मुखवटा हातात घेतला तेव्हा शेठनी ताटलीत बेलाची पानं आणि भंडारा मागवला. आपल्याकडं खंडोबाचा बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. शेठनी मूठभर भंडारा उचलला आणि म्हणाले, "हा मुखवटा तुज्या हातानं निघंल, दुसऱ्या कुनाच्या न्हाई. आन् दिंद्रुडात इंचू कंदी चढनार न्हाई." त्यांचा तळवा पिवळाधमक झाला होता. मला तो अजून दिसतो. मी हो म्हणालो. घरी सांगितलं, मंडपाचं काम वाढलंय, आता मुक्काम जास्त पडतील. ते खोटंही नव्हतं. रिंगही मीच उभी करत होतो.

मला दुष्टाचं काम करायचं होतं आणि ते मला फार छान जमायला लागलं. पाठीमागून वार करायचा, डोळ्यांत माती फेकायची, लोकांनी शिव्या दिल्या की कानाला हात लावून आणखी मागायच्या. शेवटी बालाघाटचा वाघ मला उचलून आपटायचा आणि यात्रा सुखावून घरी जायची. हा वाघ म्हणजे लिंबा, गेवराईकडचा ऊसतोड कामगाराचा मुलगा, देखणा आणि स्वभावानं गाईसारखा. धर्मापुरीला एकदा मी लिंबाचा गळा धरला तशी एक म्हातारी दोरांखालून हात घालून माझ्या पोटऱ्यांवर चपलेनं बडवायला लागली. "सोड त्याला मुडद्या, त्याच्या आईनं काय तुज्यासाटी वाढिवला का?" लिंबाला हसू आवरेना, म्हणून त्यानं बेशुद्ध पडल्याचं सोंग घेतलं. मी मात्र खाली उतरल्यावर भडकलो होतो. शेठनी ती चप्पल म्हातारीकडून नव्या चपलांच्या बदल्यात मागून घेतली आणि ट्रकच्या काचेपाशी लटकवली. म्हणाले, तुझ्या बापाच्या घरी चांदीची गदा असेल, तुझी गदा ही. पुढं कित्येक वर्षं ती चप्पल आमच्याबरोबर यात्रा फिरली.

पण हसण्यावारी नेण्यासारखी एक गोष्ट कंपनीत नव्हती, ती म्हणजे बेल-भंडारा. दर खेळाच्या आधी ट्रकच्या मागं ताटली यायची. ज्यांची कुस्ती असेल ते दोघं पुढं यायचे, शेठ तिसरे. कोण पडणार ते शेठ मोठ्यानं सांगायचे, मग दोघं भंडारा उचलून तेच पुन्हा म्हणायचे, आणि शेवटी शेठ स्वतः उचलायचे. मला सुरुवातीला हे अती वाटायचं. खोट्या कुस्तीला देवाची शपथ कशाला? शेठनी मला सरळ उत्तर दिलं होतं. "मातीतल्या कुस्तीत तू तुपलं अंग राखतूस. हितं तू तुपलं अंग दुसऱ्याच्या हातात देतूस. त्यानं मनात आनलं तर मान मोडंल. खऱ्या कुस्तीत खोटा मानूस खपतो दत्त्या, खोट्या कुस्तीला खराच मानूस लागतो."

आणि ते तसे वागायचेही. एका गावी तिथल्या पुढाऱ्याचा पुतण्या अंगाला तेल लावून आला, मला वाघाला पाडायचंय म्हणाला. पुढाऱ्याची माणसं आजूबाजूला. शेठ नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, पाडणं सोपं आहे, आधी पडायला शिका, आणि त्याला रिंगमध्ये नेऊन सकाळभर पाठीवर पाडत बसले. दुपारी पुतण्या कंबर धरून घरी गेला तो आलाच नाही. लिंबाला त्या दिवशी शब्द दिलेला होता की आज तू जिंकणार, आणि तो शब्द पुढाऱ्यासाठीही मोडला गेला नाही. माझा गुडघा सुजायचा तेव्हा शेठ स्वतः तेल कोमट करून चोळायला बसायचे. अप्पांनी मला माती दिली, तंत्र दिलं. पण दुखतंय का, असं मला या माणसानं विचारलं. म्हणून मी त्यांच्यावर विसंबलो. मोकळ्या मैदानात डोळे मिटून मागं पडावं आणि कुणीतरी धरील याची खात्री असावी, तसा विसंबलो.

शेवटच्या काही हंगामांत गर्दी आटत चालली होती. पोरं रिंगजवळ यायची ती मोबाइल वर धरून. बघायची मोबाइलमधूनच, आणि मधेच दुसरं काहीतरी लावायची. ओरडणं कमी झालं. मी पाठीमागून वार केला तरी कुणी चप्पल काढत नसे. शेठना ते खाऊन टाकत होतं. खेळ संपल्यावर ते रिंगच्या कडेला पाय सोडून बसायचे आणि म्हणायचे, लोक खोट्याला कंटाळले नाहीत, आपल्याला कंटाळले. मी समजूत घालायचो. एकदा मला म्हणाले, एकदा तरी समद्या यात्रेचा श्वास अडकलेला बघायचाय, मग रिंग मोडून लाकडं चुलीत घातली तरी चालेल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कलावंत माणूस, बोलतो असं.

मग दिंद्रुडच्या यात्रेचं निमंत्रण आलं. शेठनी मला आपणहून सांगितलं की तू येऊ नकोस, दुसऱ्या पोराला मुखवटा घालू. मी निर्धास्त झालो. यात्रेच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, ते पोरगं तापानं फणफणलंय, फक्त आजचा दिवस ये. मी अप्पांचं विचारलं. शेठ म्हणाले, तुझा बाप फायटिंगच्या वाटेनं तरी जातो का? हे बरोबरच होतं. अप्पा असल्या खेळाच्या दिवशी घराबाहेर पडायचे नाहीत. लिंबा पाडणार, मी पडणार, आणि पडल्या पडल्या ताडपत्रीखालून ट्रकमध्ये, असं ठरलं. मी गावाला वळसा घालून मागच्या रस्त्यानं गेलो आणि ट्रकमध्येच मुखवटा चढवला.

उन्हं कलली होती. शेठ नेहमीसारखे रिंगमध्ये पडून, उठून, पुन्हा पडून आले होते. बंडीला पाठीमागं ताडपत्रीची धूळ लागली होती. ताटली आली. शेठनी सांगितलं, वाघ पाडणार, विंचू पडणार. लिंबानं भंडारा उचलला, मी उचलला. शेठनी हात पुढं केला नाही. "मपल्या हाताला डिझेल हाय," ते म्हणाले, "जनरेटरला हात घातलता आत्ताच. तुमी उचलला त्यात आलं समदं." मी मान डोलावली. डिझेल लागलेल्या हातानं देवाचं काही शिवू नये हे शेठसारख्या भाविक माणसाला सुचणारच, एवढंच मनात आलं. पुढं हलगी सुरू झाली होती.

रिंगमध्ये चढलो आणि पुढच्या रांगेत अप्पा दिसले. खुर्चीवर, डोक्याला फेटा, गळ्यात हार. शेठनी त्यांना आदल्या आठवड्यात घरी जाऊन बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. तुमच्या तालमीच्या पोरांच्या दोन खऱ्या कुस्त्या लावतो, तुम्ही पंच म्हणून या, असं सांगितलं होतं. आधी आमचा एक खेळ होईल, तेवढा चालवून घ्या. अप्पा खऱ्या कुस्तीसाठी आले होते. मी लिंबाशी झटापट करताना त्यांच्याकडं पाठ राहील असं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, लवकर पाड बाबा, मला जाऊ दे.

तेवढ्यात भोंग्यातून शेठचा आवाज आला. आज दिंद्रुडकरांच्या साक्षीनं काळ्या विंचवाचा मुखवटा उतरणार. हा कुठल्या गावचा, कुणाचा कोण, ते आज सगळ्या जिल्ह्याला कळणार. मला वाटलं, गर्दी तापवायला बोलतायत. पण लिंबाचा हात माझ्या नाडीवर आला. मी त्याचं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, हे काय. तो गोंधळला. "शेठ तर म्हनले तुला ठाव हाय," तो म्हणाला, "तूच व्हय म्हनलास म्हनले." आणि त्यानं नाडी ओढली.

त्यानंतर मी काय केलं ते मी केलं असं म्हणवत नाही, अंगानं केलं. लिंबाचं मनगट छातीशी दाबलं, आत शिरलो आणि ढाक मारली. ढाक म्हणजे समोरच्याला खांद्यावरून खाली ओढून आदळायचं. मारण्याआधी मनगट असं छातीशी दाबून धरायचं ही अप्पांची रीत, आमच्या तालमीखेरीज कुणी तसं करत नाही. लिंबा बिचारा मला पाडायला उभा होता, स्वतः पडायला नव्हे. तो आदळला, आणि त्याच्या मुठीतली नाडी, मुखवटा, सगळं त्याच्याबरोबर गेलं. पण एक गोष्ट मला त्याआधीच दिसली होती. मुखवटा निघण्याच्या अगोदर, मनगट छातीशी गेलं त्या क्षणी, अप्पा खुर्चीतून उठले होते. लोकांना मी तोंड उघडं पडल्यावर कळलो. अप्पांना ढाकेवरून कळलो.

शेठना हवा होता तसा सगळ्या यात्रेचा श्वास अडकला. हलगीवाल्याचाही हात थांबला. लोकांच्या हातातले मोबाइल खाली आलेले मला दिसले. मग कुणीतरी म्हणालं, अरे, हा तर वस्तादाचा दत्ता. आणि ते मागं मागं पसरत गेलं.

जिंकणाऱ्याला बांधायचा फेटा अप्पांच्या हातात दिलेला होता. ते पायऱ्या चढून वर आले. लोकांना वाटलं, आता मुलाला बांधतात. अप्पांनी लिंबाला हात देऊन उठवलं, त्याचा खांदा दाबून बघितला, आणि फेटा त्याच्या डोक्याला बांधला. माइक नको म्हणाले. तसंच, साध्या आवाजात, जवळच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याला बेसावध पाडलंय. ही कुस्ती न्हाई." मग माझ्यासमोर आले. मला वाटलं मारतील, आणि मारलं असतं तर फार बरं झालं असतं. "ढाक मपली हाय," ते म्हणाले. "ती हितं काढायची न्हवती."

तालमीच्या पोरांच्या कुस्त्या त्या दिवशी झाल्याच नाहीत. आणि अप्पा त्या दिवसापासून कुठल्याही फडात पंच म्हणून बसलेले नाहीत. लोक बोलवायला यायचे, गाड्या पाठवायचे. अप्पा चहा पाजायचे आणि सांगायचे, "ज्याच्या घरात ठरवून पडत्यात, त्यानं दुसऱ्याची खरी का खोटी कशाला सांगावी?" तालमीची किल्ली त्यांनी आपल्या एका जुन्या शिष्याच्या हवाली केली. ते माझ्याशी बोलतात. पेरणीचं बोलतात, मी पुढं टाकलेल्या दुकानाचं बोलतात, गुडघ्याचं विचारतात. कुस्तीचा शब्द मात्र आमच्या घरात कुणी काढत नाही. ज्या माणसाचा वर केलेला हात हा शेवटचा शब्द असायचा, तो आता यात्रेच्या दिवशी शेतात जाऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामावर गेलो. शेठ मंडपाच्या कनाती घडी करून घेत होते आणि फार खुशीत होते. मला बघून त्यांनी जवळ घेतलं. इतकी वर्षं भोंग्यावर ओरडलो पण अशी शांतता कधी ऐकली नव्हती, म्हणाले. मी त्यांचे हात झटकले आणि विचारलं, शब्द दिला होता ना शेठ?

ते रागावले नाहीत. पोराला हिशोब समजावून सांगावा तसे म्हणाले, "काल भंडारा उचलून इंचू पडनार म्हनला कोन? तू. आन् पाडलं कोनी? तू. मी हात तरी लावला का?"

मी त्या ताटलीपाशी पुन्हा जाऊन उभा राहिलो. मनानंच. डिझेल आठवलं. लिंबाचा पिवळा हात, माझा पिवळा हात, आणि धोतराला पुसत मागं गेलेला त्यांचा हात. मी म्हणालो, पहिल्या दिवशी तर उचलला होता, मुखवट्याच्या वेळी. तेव्हा शेठची नजर खाली गेली. त्याबद्दल खंडोबाला जाऊन दंड भरून आलो, म्हणाले, आधीच, यात्रेच्या अगोदर. देवाची माफी मागून घेतली. "देवाशी खोटं बोलत न्हाई मी, दत्त्या."

"आणि माझ्याशी?"

"तू तर आपला मानूस हायस," शेठ म्हणाले. त्यांना यात काही चुकीचं वाटत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. देवाची माफी मागायला ते धूळ तुडवत डोंगर चढून गेले. माझी मागायची गरज त्यांना वाटली नाही, कारण मी आपला होतो, मी कुठं जाणार? आजवर मला पुष्कळ लोकांनी फसवलं आहे. दुकानदाराला लोक फसवतातच. पण ते सगळे परके होते, त्यांचं मी विसरलो.

मी पुन्हा गोदामावर गेलो नाही. माजलगावातच बी-बियाणं आणि औषधांचं दुकान टाकलं. कंपनी त्यानंतर एक हंगाम कशीबशी चालली. लोक विचारायचे, आज कुणाचा मुखवटा निघणार? काढायला दुसरा मुखवटा नव्हता. लिंबा कारखान्यावर वॉचमन म्हणून लागला. तो कधी दुकानात येतो, चहा घेतो, आणि दरवेळी उठताना तेच म्हणतो, मला खरंच वाटलं तुला ठाव हाय. मला त्याचं ते ऐकवत नाही. तो फेटा त्यानं घडी करून ठेवला आहे, डोक्याला कधी बांधला नाही.

मग शेठना लकवा मारला. बरेच महिने ते अंथरुणावर होते. मी गेलो नाही. एक दिवस गोदाकाकू स्वतः दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. माझा मुखवटा शिवला होता त्या बाईला मी काय नाही म्हणणार? तुम्ही चला, मी मागून येतो, म्हणालो.

शेठ घराच्या पुढच्या खोलीत होते. पोट पार गेलेलं, एक बाजू लुळी, बोलणं अर्धं तोंडातच राहायचं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या, म्हणून काकूंनी हवेची गादी आणली होती आणि तासातासाला त्यांना कुशीवर वळवत होत्या. ज्या पाठीनं आम्हा सगळ्यांच्या पाठी राखल्या ती अशी झालेली बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवत नाही. मी खुर्ची ओढून बसलो. शेठनी चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, त्याच गुडघ्यावर, आणि दाबून बघितला.

काकू आतून ताटली घेऊन आल्या. बेलाची पानं आणि भंडारा. "दत्ता," त्या म्हणाल्या, "त्यांचा जीव तुज्यात अडकलाय. तू भंडारा उचलून एकदा म्हन, मनात काई न्हाई. मंग सुटत्याल."

"मनात काही नाही शेठ," मी म्हणालो. अगदी स्पष्ट, त्यांना ऐकू जाईल असं.

काकूंनी ताटली आणखी पुढं केली. मी हात मांडीवरच ठेवले. "काकू, हाताला फवारणीचं औषध लागलंय," मी म्हणालो. "दुकानातून तसाच आलो. विषाचा हात देवाला कसा लावू? मी म्हणालो त्यात आलं सगळं."

काकूंना ते पटलं. राहू दे मग, म्हणत त्यांनी ताटली बाजूला ठेवली. शेठ मात्र माझ्या हातांकडं बघत होते. मग त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली आणि अडखळत एक शब्द बाहेर आला.

"डिझेल."

काकू त्यांच्यावर वाकल्या. "जनरेटर कवाच इकलाय, आता कशाचं डिझेल?" त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, असंच काहीबाही बोलतात अलीकडं. शेठनी डोळे मिटले. मी थोडा वेळ बसलो, मग उठलो. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो उचलून अंथरुणावर नीट ठेवला. माझ्या हातांना काही लागलेलं नव्हतं. निघायच्या आधी दुकानाच्या नळावर मी ते साबण लावून स्वच्छ धुतले होते.